मालदीवच्या मासळीचा भाव

वसईपासून उत्तनपर्यंतच्या कोणत्याही बंदरावर मासळीच्या पाट्या उतरल्या म्हणजे गिऱ्हाइकाची नजर आधी पापलेटाकडे जाते, मग सुरमईकडे आणि रावसाकडे. कुपा आणि गेदर यांच्याकडे ती वळते ती बहुधा शेवटी, खिशाचा अंदाज घेतल्यावर. या माशांचे मांस तांबडे, रक्त फार. बर्फावाचून थोडा वेळ राहिले की चव उतरते आणि शिळे खाल्ले तर अंगावर गांधी उठतात. त्यामुळे आमच्या घरांतून पाहुण्याच्या ताटात कुप्याला मान नाही.

या कुप्याच्याच कुळातील एक मासा ५ जानेवारी २०१९ रोजी टोकियोच्या तोयोसु बाजारात ३३ कोटी ३६ लाख येनांना विकला गेला. त्याचे वजन २७८ किलो होते. म्हणजे किलोला बारा लाख येन पडले. नववर्षाच्या पहिल्या लिलावातील हा सौदा असल्यामुळे त्यात मासळीचे मोल कमी आणि जाहिरातीचे अधिक, हे आम्ही जाणतो. परंतु त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर हौशी शिकारी हाच मासा १९७० च्या सुमारापर्यंत खेळ म्हणून गळाला लावीत, त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढून घेत आणि मग धूड पुरून टाकीत किंवा मांजराच्या खाद्यासाठी देऊन टाकीत. जपानी विमानांना परतीच्या प्रवासात न्यायला माल हवा होता. १९७२ साली त्यांतून बर्फात घातलेले हे मासे टोकियोस पोहोचू लागले आणि पुरून टाकण्याच्या वस्तूला भाव आला. खुद्द जपानातही या माशाच्या पोटाकडील चरबीदार मांस पूर्वी हलके समजले जाई.

तेव्हा मासळीचा भाव मासळीच्या अंगात नसतो, हे उघड आहे. तो कोठे असतो, कोणाच्या हाती असतो आणि ज्याने गळ टाकला त्याच्या वाट्याला त्यातले किती येते, हा आमच्या जिज्ञासेचा विषय आहे. टोकियोच्या लिलावापेक्षा या प्रश्नाचे उत्तर आमच्याच अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील एका लहान राष्ट्राच्या इतिहासात अधिक स्पष्ट सापडते. मालदीवचे लोक निदान सातशे वर्षे गेदर पकडीत आणि विकीत आले आहेत. या व्यापाराच्या वाटेवर कोचीन आहे, गोवा आहे आणि आपली मुंबईही आहे.

मालदीव म्हणजे प्रवाळांच्या कंकणांतून विखुरलेली सुमारे बाराशे बेटे. त्यांपैकी दोनशेच्या आसपास वस्तीची. जमीन रेताड आणि समुद्राच्या पाण्याहून हातभर उंच. नारळ होतो, थोडी कंदमुळे होतात, पण भात होत नाही. या लोकांच्या दिवेही भाषेत माशाला ‘मस’ म्हणतात. हा शब्द आणि आपला ‘मासा’ हे एकाच ‘मत्स्य’ शब्दाचे वंशज आहेत. बेटांवर पिकते ते खोबरे आणि मिळते ते मस. भात मात्र समुद्रापलीकडून आणावा लागतो. मालदीवचा सारा व्यापारी इतिहास या एका ओळीत सामावलेला आहे असे म्हटले तरी चालेल. मासळीला किती पैसे मिळाले यापेक्षा मासळीच्या भाऱ्याला किती तांदूळ मिळाला, हेच तेथील माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मोजले.

गेदर पकडण्याची त्यांची रीत आजही फारशी बदललेली नाही. पहाटे उथळ पाण्यातून बारीक मासळी जिवंत धरायची आणि होडीच्या पोटात, समुद्राचे पाणी खेळते ठेवून, ती जिवंत ठेवायची. मग खोल समुद्रात पक्ष्यांच्या थव्यांवरून गेदरचा मळा हेरायचा. तो दिसला की बारीक मासळी मूठमूठ फेकायची, पाण्यावर शिंतोडे उडवायचे आणि एकेका काठीला एकेक गळ लावून मासा हिसक्यासरशी होडीत घ्यायचा. गळाला उलटा काटा नसतो; म्हणून मासा होडीत पडताच आपोआप सुटतो आणि गळ पुन्हा पाण्यात जातो. मासा दोन-तीन किलोंपासून पाच-सहा किलोंपर्यंतचा. मळा चांगला लागला तर तासाभरात होडी भरते.

पण उष्ण कटिबंधात होडीभर गेदर म्हणजे होडीभर काळजी. संध्याकाळपर्यंत काही केले नाही तर सारे वाया जाणार. यावर मालदीवच्या बायकांनी काढलेला उपाय म्हणजे ‘हिकिमस’. मासा साफ करून त्याचे चार लांबट तुकडे करायचे, ते खाऱ्या पाण्यात उकळायचे, धुरावर धरायचे आणि मग कित्येक दिवस उन्हात वाळवायचे. शेवटी लाकडाच्या ढलपीसारखा टणक, काळपट तुकडा हाती येतो. तो महिनोन्‌महिने टिकतो आणि कोयत्याने तासून किंवा कुटून वापरावा लागतो. आमच्याकडे वलांडीवर वाळणारा बोंबील ज्यांनी पाहिला आहे त्यांना या उद्योगाचे मर्म सांगावयास नको. ताजी मासळी पकडणाऱ्याला घाईने विकावी लागते; सुकी मासळी त्याला थांबू देते, आणि बाजारात ज्याला थांबता येते त्याचेच बोलणे ऐकले जाते.

१३४३ च्या अखेरीस मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मालदीवला पोहोचला आणि काही महिने तेथे काझी म्हणून राहिला. त्याने या सुक्या मासळीचे वर्णन केले आहे: तांबूस मांस, चरबी नाही, वास मेंढीच्या मांसासारखा, तुकडे थोडे शिजवून, झावळ्यांच्या टोपल्यांत घालून धुरावर टांगतात आणि वाळल्यावर खातात. ही मासळी हिंदुस्थान, चीन आणि येमेन या देशांना जाते, असेही त्याने नोंदवले आहे. म्हणजे चौदाव्या शतकाच्या मध्यास या मालाला एक नव्हे, तीन दिशांना गिऱ्हाईक होते.

त्याच पानांवर दुसऱ्या एका मालाचा भाव त्याने आकड्यांत दिला आहे. तो माल म्हणजे कवड्या. बंगालचे लोक मालदीवच्या कवड्या नाणे म्हणून वापरीत आणि त्यांच्या बदल्यात तांदूळ देत. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या हा नेहमीचा दर. कधी भाव इतका उतरे की एका दिनाराला बारा लाख कवड्या मोजाव्या लागत. माल तोच, बेटे तीच, समुद्र तोच. पण बंगालात मागणी घटली की मालदीवच्या माणसाला तेवढ्याच सोन्यासाठी तिप्पट कवड्या वेचाव्या लागत. आपण ‘कवडीमोल’ हा शब्द सहज वापरतो. त्या शब्दामागे कमरेइतक्या पाण्यात वाकून कवड्या वेचणारी माणसे होती, हे आम्हांसही हा विषय हाती घेईपर्यंत कधी सुचले नव्हते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. हिंदी महासागरात त्यांनी लागू केलेली ‘कार्ताझ’ची पद्धत वसईच्या वाचकांस परिचित आहे: परवाना नसेल तर गलबत जप्त. मालदीवच्या बाबतीत या सत्तेला एक अनपेक्षित दुवा मिळाला. तेथील सुलतान हसन नववा राज्य सोडून कोचीनला आला आणि १५५२ साली त्याने तेथे बाप्तिस्मा घेतला. त्याचे नाव दों मानुएल ठेवण्यात आले. त्याच्या नावाने पोर्तुगीजांनी १५५८ मध्ये माले घेतले आणि पंधरा वर्षे तेथे अंमल चालविला. १५७३ मध्ये मुहम्मद थकुरुफानू याच्या नेतृत्वाखाली बेटवासीयांनी तो उलथून टाकला. या पंधरा वर्षांची स्मृती मालदीवमध्ये कडवट आहे, आणि का असू नये? धर्मांतर केलेल्या राजाच्या नावावर परक्यांनी चालविलेल्या जकातीच्या राज्याला श्रद्धेचा विजय म्हणणे आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाही.

पोर्तुगीज गेले तरी त्यांची पकड पूर्णपणे सुटली नाही. याविषयी आपणांस सांगतो तो फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच खलाशी. सँ मालो बंदरातून निघालेले त्याचे जहाज १६०२ च्या जुलैमध्ये मालदीवच्या खडकांवर फुटले. पुढे १६०७ पर्यंत तो बेटांवर अडकून राहिला. तेथील भाषा शिकला आणि राजाच्या मर्जीतला झाला. कोचीनला राहणाऱ्या ख्रिस्ती राजवंशाला बेटांच्या उत्पन्नाचा वाटा द्यावा लागे, अशी नोंद त्याने केली आहे. मासळीविषयीचे त्याचे लिखाण इब्न बतूताच्या लिखाणाशी जुळते: गळाने अमाप मासळी पकडतात, समुद्राच्या पाण्यात शिजवतात, उन्हात वाळवतात आणि परदेशी पाठवतात, सुमात्रेतील आचे बंदरात तिला विशेष मागणी आहे. पुढे बंगालच्या चाचेगिरीच्या धाडीत त्याची सुटका झाली आणि तो चितगाव, कालिकत, कोचीन असा कैदेचे हाल सोशीत १६०८ साली गोव्यास आला. गोव्याच्या राजेशाही इस्पितळात येशूसंघीयांच्या देखरेखीखाली त्याच्यावर उपचार झाले आणि त्या इस्पितळाची त्याने तोंड भरून स्तुती केली. गोव्याच्या इतिहासाचे अभ्यासक ते वर्णन आवर्जून वाचतात. मासळीची पाने मात्र बहुधा उलटून जातात.

पिरारच्या काळी मालदीवच्या मासळीला निदान एकाहून अधिक बंदरे उघडी होती. पुढील दोनशे वर्षांत ती एकेक करून मिटत गेली. श्रीलंकेचा किनारा सतराव्या शतकात डचांच्या हाती गेला, तो अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या. मालेहून दरवर्षी नजराणा घेऊन वकील कोलंबोस जाऊ लागला आणि वकिलामागून व्यापारही त्याच वाटेने गेला. डचांना आणि इंग्रजांना मासळीपेक्षा कवड्यांची गरज होती. पश्चिम आफ्रिकेत गुलामांच्या खरेदीत कवड्या चलन म्हणून चालत, हा त्या व्यापाराचा काळा भाग होय. एकोणिसाव्या शतकात झांझिबारकडील मोठ्या कवड्या स्वस्तात मिळू लागल्या, धातूची नाणी पसरली आणि मालदीवच्या कवडीचे मोल खरोखरच कवडीचे झाले. आता विकण्याजोगी मुख्य वस्तू एकच उरली, सुकी मासळी. आणि तिचे मोठे गिऱ्हाईकही एकच उरले, कोलंबो.

श्रीलंकेच्या स्वयंपाकघरात या मासळीला ‘उंबलकड’ म्हणतात. ती भाजी म्हणून खात नाहीत. कुटून सांबोलात, आमटीत, पालेभाजीत चिमूटभर घालतात. आपल्याकडे सुकट जशी गरिबाच्या ताटाला चव आणते, तशीच ती तेथे आणते. अशा वस्तूची मागणी स्थिर असते. पण स्थिर मागणी म्हणजे विकणाऱ्याला चांगला भाव, असे नव्हे. कारण त्या मागणीपर्यंत पोहोचण्याचा दरवाजा कोणाच्या तरी ताब्यात असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा दरवाजा मुंबईच्या बोहरी व्यापाऱ्यांच्या ताब्यात आला. सुलतानाच्या परवानगीने त्यांनी मालेत दुकाने व वखारी उघडल्या. तांदूळ, कापड आणि किराणा ते आणीत. सुकी मासळी आणि काथ्या नेत. थोड्याच काळात बेटांचा आयात-निर्यात व्यापार बहुतांशी त्यांच्याकडे गेला आणि दरबारही त्यांचा ऋणको झाला. आम्ही त्यांना खलनायक ठरवू इच्छीत नाही. वादळात गलबत बुडाले तर नुकसान त्यांचे होई, उधारी थकली तर तीही त्यांचीच. पण तांदळाचा भाव सांगणारा आणि मासळीचा भाव सांगणारा एकच असला की दोन्ही टोकांचा नफा त्याचाच होतो आणि मधला माणूस हिशेबाच्या वहीत कायमचा अडकतो. आपल्या किनाऱ्यावर हंगामाआधी आगाऊ रक्कम घेऊन त्या बदल्यात पकड एकाच दलालाला घालणाऱ्या नाखव्यांची घरे ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. मालेत असंतोष धुमसत राहिला आणि १८८० च्या दशकात या व्यापाऱ्यांच्या दुकानांना आगी लावल्या गेल्या. १६ डिसेंबर १८८७ रोजी मालदीव इंग्रजांच्या संरक्षणाखाली आला. दुकाने पुन्हा उभी राहिली आणि व्यापार पूर्ववत चालू झाला.

येथे थोडे विषयांतर करतो. ते आमच्या वाचकांस रुचेल असे वाटते. मासळीची मागणी ही केवळ भुकेवर नव्हे तर रूढीवरही अवलंबून असते, याचा एक मोजलेला पुरावा उपलब्ध आहे. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी प्रायश्चित्ताचे नियम शिथिल करण्यास वाव दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील महागुरुस्वामींनी व बिशपांनी उपवासकाळाबाहेरच्या शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचे बंधन उठवले. फ्रेडरिक बेल या अर्थशास्त्रज्ञाने न्यू इंग्लंडच्या बंदरांतील कॉड, हॅडॉक इत्यादी सात प्रकारच्या मासळीचे भाव तपासले आणि १९६८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: या एका निर्णयामुळे बंदरातील भाव सरासरी साडेबारा टक्क्यांनी उतरले होते. समुद्रातली मासळी तीच, होड्या त्याच, मेहनत तीच. रोममध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये एका कागदावर सही झाली आणि ग्लॉस्टरच्या कोळ्याच्या हातात आठव्या हिश्शाने कमी पैसे आले. आपल्या शुक्रवारच्या ताटाचा कोणाच्या तरी होडीशी संबंध असतो, हे धर्मोपदेशातून आम्ही कधी ऐकल्याचे स्मरत नाही.

मालदीवच्या मासळीवर सही करणारे हात कोलंबोत आणि मालेत होते. दुसऱ्या महायुद्धात कोलंबोहून येणारा तांदूळ आटला आणि बेटांवर उपासमार झाली. वखारीत मासळी आणि घरात भूक, असे दिवस लोकांनी काढले. या काळात पुढे आलेले नेते मोहम्मद अमीन दीदी यांनी सुक्या मासळीची निर्यात सरकारच्या ताब्यात घेतली. बोहरी व्यापाऱ्यांचा जवळजवळ शतकभराचा अंमल संपत आला. हेतू चांगला होता. नफा देशात राहावा, त्यातून शाळा निघाव्यात, असा. १९५३ साली ते मालदीवच्या पहिल्या प्रजासत्ताकाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी धान्यटंचाईने संतापलेल्या जमावाने त्यांना मारहाण केली आणि पुढल्या वर्षाच्या प्रारंभी त्यांचा मृत्यू झाला. तांदूळ-मासळीच्या काट्यावर तोलला गेलेला हा पहिला राज्यकर्ता नव्हे; पण त्याची शोकांतिका आम्हांस चटका लावून जाते.

सरकारी मक्त्याची दुसरी बाजू दक्षिणेकडील बेटांनी पाहिली. अड्डू, हुवदू, फुवमुलाह येथील व्यापारी पूर्वापार आपली गलबते थेट कोलंबोस नेत, मासळी विकून तांदूळ-कापड घेऊन परत येत. माले त्यांच्या वाटेवर नव्हतेच. आता सारा माल मालेमार्फत जावा असा आग्रह सुरू झाला, वर कर आले आणि प्रवासाच्या परवान्यांची सक्ती आली. अड्डूच्या गान बेटावर इंग्रजांचा विमानतळ होता आणि तेथे मजुरी रोख मिळत होती, त्यावरही मालेची करडी नजर पडली. जानेवारी १९५९ मध्ये अड्डूत उठाव झाला आणि तिन्ही प्रदेशांनी मिळून ‘संयुक्त सुवदीव प्रजासत्ताक’ घोषित केले. कारणे अनेक होती, पण आपली मासळी आपण कोणाला विकावी हा प्रश्न त्यांच्या मुळाशी होता. हुवदूतील थिनधू हे गाव १९६२ मध्ये सरकारी कारवाईत उजाड करण्यात आले. सप्टेंबर १९६३ मध्ये हे प्रजासत्ताक संपले आणि त्याचे अध्यक्ष अब्दुल्ला अफीफ दीदी यांना सेशेल्सला जावे लागले.

यानंतर अवघ्या आठ-नऊ वर्षांत जे घडले त्याने मक्तेदार आणि बंडखोर दोघांचेही हिशेब निकालात काढले. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी श्रीलंकेस परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि तेथील सरकारने आयातीवर कात्री चालविली. उंबलकड ही काही औषधासारखी अटळ वस्तू नव्हे. तिची आयात घटली. कोलंबोच्या एका कचेरीत घेतलेल्या निर्णयाने मालदीवच्या प्रमुख निर्यातीचा बाजार बसला. एकच गिऱ्हाईक असण्याचा अर्थ त्या बेटांना तेव्हा पुरता कळला.

वाट निघाली ती जपानकडे. गेदर हाच मासा जपानमध्ये ‘कात्सुओ’ या नावाने परिचित. त्याचेही तुकडे शिजवून, धुरावून, वाळवून लाकडासारखे टणक करतात आणि तासून सूपात घालतात. हिकिमसचा तो जणू दूरचा भाऊच. १९७२ पासून परदेशी शीतजहाजे मालदीवच्या पाण्यात उभी राहून होड्यांतून ताजी गेदर विकत घेऊ लागली. त्याच वर्षी पहिले पर्यटकही आले. १९७४ मध्ये मासेमारीच्या धोणीला पहिले डिझेल इंजिन बसले आणि त्याच वर्षी भारतीय स्टेट बँकेची शाखा मालेत उघडली. बेटांवरील ती पहिली बँक. १९७८ मध्ये फेलिवरू बेटावर जपानी सहभागाने डबाबंद मासळीचा कारखाना सुरू झाला. दहा वर्षांच्या आत शिडाची होडी मागे पडली.

पकड वाढली, रोख पैसा आला, हे खरे. परंतु मासळी होडीतूनच विकली जाऊ लागताच ती घरी येईनाशी झाली. उकळणे, धुरावणे, वाळवणे हे सारे बायकांचे काम होते. हिकिमसच्या किंमतीत त्यांच्या श्रमाचा हिस्सा होता आणि घरातल्या निर्णयांत त्या हिश्शाचे वजन होते. जहाजाच्या शिडीशी झालेल्या सौद्यात त्यांना जागा नव्हती. कित्येक बेटांवरची धुराची खोपटी थंड पडली. निर्यातीचे आकडे चढत असताना बेटावरच्या निम्म्या माणसांची कमाई उतरत होती, आणि हे उतरणे कोणत्याही जकात नाक्याच्या वहीत नोंदले गेले नाही. आमच्या मते या सबंध इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना आहे. इतिहासकारांनी मात्र इंजिनाला अधिक पाने दिली आहेत.

दुसरा बदल असा की, मालदीवचा कोळी आता जगाच्या बाजाराशी बांधला गेला. कोलंबोचा भाव निदान ऐकू येत असे. आता भाव ठरू लागला तो डबाबंद मासळीच्या कारखान्यांत. १९८० च्या दशकात अमेरिकेतील सॅन दिएगोचे मोठे कारखाने बंद पडले आणि हा धंदा थायलंडकडे सरकला. तेव्हापासून बँकॉकला उतरणाऱ्या गोठवलेल्या गेदरचा दर हा साऱ्या जगाचा मापदंड झाला आहे. २०१३ मध्ये तो टनाला २३०० डॉलरांच्या आसपास गेला होता. २०१५ च्या अखेरीस हजार डॉलरांच्या आसपास उतरला. २०१७ मध्ये पुन्हा चढला. या चढउतारात काठीला गळ लावून बसलेल्या माणसाने काय केले असेल तर एवढेच की, तो रोज समुद्रावर गेला.

त्याच समुद्रात १९८० च्या दशकापासून युरोपीय पर्ससीन जहाजे सेशेल्सला तळ देऊन फिरू लागली. पर्ससीनचा अर्थ महाराष्ट्राच्या कोळ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. पाण्यावर तरंगते सांगाडे सोडायचे, त्यांच्या सावलीला मळा जमू द्यायचा आणि मोठ्या जाळ्याच्या वेढ्यात तो सगळा, लहान पिलांसकट, उचलायचा. आज जगात कुप्याच्या मुख्य जातींची वार्षिक पकड पन्नास लाख टनांच्या घरात आहे आणि तिच्यात निम्म्याहून अधिक एकटी गेदर. त्यातली काठी-गळाने पकडलेली थोडी, बहुतेक जाळ्यांची. बँकॉकचा खरेदीदार दोहोंना एकाच काट्यावर तोलतो. मालदीवची एकूण पकड २००६ च्या सुमारास १,८०,००० टनांवर गेली होती. पुढील तीन-चार वर्षांत तेथील गेदरची पकड निम्म्यावर आली.

काठी-गळाच्या मासळीला वेगळा भाव मिळावा म्हणून खटपट झाली नाही असे नाही. २०१२ मध्ये मालदीवच्या गेदरला सागरी जीवन राखून केलेल्या मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि युरोपातील दुकानांत तिच्या डब्यांवर निळी खूण झळकली. पण २०११ च्या प्रारंभी मालदीव अतिदरिद्री राष्ट्रांच्या यादीतून वर सरकले होते. त्या मानाच्या पाठोपाठ शिक्षा आली: २०१४ पासून युरोपातील जकातमाफी संपली आणि डबाबंद मासळीवर २४ टक्के जकात बसली. एका हाताने खूण दिली आणि दुसऱ्या हाताने तिचे मोल काढून घेतले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. देशातही खरेदीचा मोठा भाग सरकारी कंपनीकडेच राहिला आणि २०२४ मध्ये दर आणि थकबाकी यांवरून मच्छीमारांनी निदर्शने केली. १९५९ च्या आणि या तक्रारीत फरक इतकाच की आता त्यांच्या होड्यांना इंजिने होती.

हिकिमस अजून बनते. काही बेटांवर ती आजही बायका बनवतात. आपल्या लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरही ती बनते. तेथील भाषा दिवेहीचीच बोली. मुख्य भूमीवर ती ‘मासी’ या तमिळ नावाने विकली जाते आणि श्रीलंका अजूनही तिचे मोठे गिऱ्हाईक आहे.

मासे ज्या पाण्यात उकळतात ते पाणी टाकून देत नाहीत. फेस काढीत काढीत ते पुन्हा आटवतात. शेवटी काकवीसारखा दाट, तपकिरी, खारट पाक उरतो. त्याला ‘रिहाकुरु’ म्हणतात. गरम भातावर थोडा पाक, लिंबू, मिरची आणि कांदा, की जेवण झाले. ज्या काळात प्रत्येक घरी हिकिमस होई त्या काळात रिहाकुरु प्रत्येक घरी असे. शेजारणीकडून वाटीभर आणावा, दिवाळीला आपल्याकडे फराळाचे ताट जसे जाते तसे ते इकडून तिकडे जाई. मासळी होडीवरूनच जहाजात जाऊ लागल्यावर पाणी उकळायचे कशाचे? आता मालेच्या बाजारात रिहाकुरु बाटल्यांत भरून मिळतो आणि ज्यांच्या घरचे पुरुष रोज गेदर पकडून आणतात त्याही बायका तो पैसे मोजून विकत घेतात.